जोड टाकीचा, डाग कापडावर

आमचा धंदा कापडाचा, लोखंडाचा नव्हे. पण रंगाईघर चालवणाऱ्याला पोलादाचीही थोडी ओळख हवी, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. जिगरच्या टाकीला नवा पाइप बसवून घेतला. टाकी ३१६ जातीची, पाइप ३०४चा. वेल्डरने हाताशी होता तो रॉड लावला. जोड चकचकीत दिसला. काही महिन्यांतच जोडाच्या कडेला बारीक छिद्रे पडली, गंजाचे ठिपके फिक्या कापडावर उतरले आणि माल परत आला.

सगळे स्टेनलेस एकच, हा समज महागात पडतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमही असते, म्हणून ते खारट पाण्यात जास्त टिकते. सुती कापडाच्या गडद रिअॅक्टिव्ह रंगाईत लिटरमागे ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मीठ लागते, हे व्यापारी बंधूंना ठाऊकच आहे.

आता छिद्र जोडाच्या कडेलाच का पडते? स्टेनलेसला गंजापासून वाचवतो तो क्रोमियममुळे बनणारा पातळ थर. वेल्डिंग करताना जोडालगतची पट्टी ४५० ते ८५० अंश सेल्सियसमध्ये जास्त वेळ राहिली, तर कार्बन क्रोमियमला ओढून घेतो आणि धातूच्या कणांच्या सीमेवर कार्बाइड जमते. सीमेलगत क्रोमियम कमी पडते व गंज तेथून आत शिरतो. यावर उपाय म्हणजे ३०४एल, ३१६एल या जाती. त्यांत कार्बन सुमारे ०.०३ टक्क्यापर्यंतच असतो.

रॉडची निवडही तितकीच महत्त्वाची. ३०४ला ३१६ जोडताना ३१६एल रॉड घ्यावा, म्हणजे जोडातही मॉलिब्डेनम राहते. स्टेनलेस साध्या लोखंडी चौकटीला जोडायचे तर ३०९एल. तेथे ३०८ वापरला, तर वितळलेले लोखंड मिसळून क्रोमियम-निकेलचे प्रमाण घटते आणि जोड ठिसूळ होऊन तडकू शकतो. जोडाच्या धातूत ५ ते १० टक्के फेराइट असावे, नाहीतर थंड होता होताच चीर जाण्याचा धोका असतो. कोणत्या मिश्रणात फेराइट किती येईल, हे पाहण्यासाठी शेफ्लर यांचा १९४९चा तक्ता इंजिनिअर मंडळींना माहीत आहे.

काम करून घेताना एवढे पाहावे. करंट बेताचा ठेवावा. एक थर १५० अंशांखाली उतरल्यावरच दुसरा द्यावा. ब्रश स्टेनलेसचाच असावा, लोखंडी ब्रशचे कण गंजतात. जोडावरचा काळा-निळा रंग पिकलिंग करून काढावा. चुंबकावर भिस्त ठेवू नये, ३०४ आणि ३१६ मधला फरक त्याने कळत नाही. त्यासाठी मॉलिब्डेनम तपासण्याचे थेंब मिळतात.

बिलावर केवळ ‘एस. एस.’ लिहून घेऊ नका. पत्र्याची जात आणि रॉडचा नंबर दोन्ही मागा. रॉडवर वाचलेले पैसे परत आलेल्या एका ताग्यातच निघून जातात.