ईन्यिगो म्हणजे ‘माझं बाळ’

बारसं जवळ आलं की गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याआधी नावांचीच चर्चा सुरू होते. कुणी मोबाइलवर नावं शोधतं, कुणी म्हणतं अक्षर ‘ई’ आलंय, ‘ई’वरून काय ठेवायचं? म्हणून आज आम्ही ‘ई’वरूनच एक नाव आणलंय. ते आपल्या बाळाला ठेवायला म्हणून आणलेलं नाही बरं का. हे नाव आहे स्पेनचं, मुलाचं, आणि तिथेही ते घरोघरी ऐकू येत नाही. ईन्यिगो. पण त्याचा अर्थ ऐकलात तर तुम्हाला ते परकं वाटणार नाही.

स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सच्या हद्दीला लागून डोंगराळ मुलूख आहे. तिथे बास्क लोक राहतात. त्यांची भाषा अजब आहे. स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी, अगदी आपली मराठीसुद्धा लांबून का होईना एका मोठ्या कुळातल्या बहिणी लागतात. बास्क भाषेचं मात्र जगातल्या कुठल्याच जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. या भाषेत ‘एने’ म्हणजे माझा, माझी, माझं. आणि शेवटी ‘को’ लावला की लाडाचं, लहानपणाचं रूप होतं, जसं आपण सोन्याचं सोनू करतो. एने आणि को मिळून झालं एनेको, म्हणजे ‘माझं लेकरू, माझं बाळ’. बहुतेक अभ्यासक हाच अर्थ मानतात. या एनेकोचंच स्पॅनिश तोंडात ईन्यिगो झालं.

म्हणजे हे नाव कुण्या देवाचं नाही, पराक्रमाचं नाही, फुलाचं की नदीचं नाही. मांडीवरच्या पोराला जी हाक मारली तीच त्याला चिकटली. आपल्याकडे नाही का, कागदावर दत्तात्रय असतो आणि साठीचा झाला तरी गाव त्याला बाळू म्हणतं! फरक इतकाच की तिथे बाळू राजाही झाला. नवव्या शतकात पाम्प्लोना नावाच्या शहरात बास्क लोकांचं छोटं राज्य उभं राहिलं. त्याचा पहिला राजा ईन्यिगो अरिस्ता. नाव त्याहूनही जुनं आहे. इ.स.पूर्व ८९ सालचा एक कांस्याचा पत्रा रोममध्ये सापडला आहे. स्पेनकडून आलेल्या घोडेस्वारांना रोमचं नागरिकत्व दिलं, त्यांची नावं बापाच्या नावासह त्यावर कोरली आहेत. त्यातल्या एकाच्या बापाचं नाव एनेकोशी मिळतंजुळतं आहे. दोन हजार वर्षांहून जुनी लाडाची हाक म्हणायची ही.

‘माझं’ म्हणणारं नाव ऐकलं आणि आम्हाला ‘नको’ म्हणणारं नाव आठवलं. नकुशी. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली होती. त्याविषयी याआधी बोलणं झालंच आहे, आज इतकंच.

आता या नावाचा सगळ्यात प्रसिद्ध धनी. पुण्यात पाषाणला लोयोला हायस्कूल आहे, ते ज्या लोयोलाच्या संताच्या नावानं आहे त्याचं जन्मनाव ईन्यिगोच. बास्क मुलखातल्या लोयोला इथे तो १४९१ साली जन्मला. तेरा भावंडांतलं शेंडेफळ. आई लवकर गेली. त्याला वाढवलं ते मारिया गारिन या लोहाराच्या बायकोनं. पुढे तो लढाईत उतरला. १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफेचा गोळा पायावर बसला. अंथरुणावर पडून संतांची चरित्रं वाचता वाचता त्याचं मन पालटलं. मग तो पॅरिसला शिकायला गेला आणि तिथे विद्यापीठाच्या कागदावर त्याचं नाव लॅटिनमध्ये ‘इग्नेशियस’ असं लागलं. हळूहळू तो स्वतःही तेच लिहू लागला.

इथे एक घोटाळा आहे. नावांच्या कितीतरी यादीत ईन्यिगोचा अर्थ ‘अग्नी’ असा दिलेला असतो. तो चूक आहे. इग्नेशियस हे रोममधल्या एका जुन्या घराण्याच्या नावावरून आलेलं वेगळंच नाव. लॅटिनमध्ये अग्नीला ‘इग्निस’ म्हणतात, आपल्या अग्नीचाच तो भाऊ, त्याच्याशी पुढे त्या नावाची सांगड घातली गेली. एकाच माणसाची दोन नावं झाली, म्हणून लोकांनी दोन्ही नावं एकच धरली. खरं तर लोहारणीच्या घरी ज्याला ‘माझं बाळ’ म्हटलं असेल, त्याचं जगाच्या कागदावर काहीतरी दुसरंच झालं.

पॅरिसला या ईन्यिगोच्या खोलीत राहणारा एक सोबती होता, फ्रान्सिस झेवियर. होय, तोच. १५४२ साली गोव्यात उतरलेला, जुन्या गोव्यात ज्याचं शव जपून ठेवलंय तो. झेवियर हे मूळचं एका जागेचं नाव आणि तेही बास्क. एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं. वसईकडच्या बहिणींनी हसू नये, पण झेवियर म्हणजे शुद्ध मराठीत नवघर! या दोघांनी सोबत्यांसह स्थापन केलेल्या जेझुइट संघामुळे इग्नेशियस हे नावही आपल्या किनाऱ्याला लागलं. गोव्यात, वसईत इनास नावाची माणसं भेटतात, ती त्याचीच वाट. ‘क्रिस्तपुराण’ मराठीत लिहिणारे फादर स्टीफन्सही याच संघाचे. ईन्यिगो हे मूळ नाव मात्र इकडे आलं नाही, ते मागे डोंगरातच राहिलं.

आणि डोंगरातही त्याला सुखानं राहू दिलं नाही. स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं आणि जनरल फ्रँकोची हुकूमशाही आली. १९३८ साली हुकूम निघाला की मुलांची नावं स्पॅनिशमध्येच नोंदवायची. बास्क नावं चालणार नाहीत. ईन्यिगो चालायचं, कारण ते स्पॅनिश झालेलं होतं. त्याचंच मूळ रूप एनेको मात्र चालेना! अर्थ तोच, बाळ तेच, पण आईच्या भाषेतलं नाव कचेरीच्या दारात अडलं. घरात एक आणि दाखल्यावर दुसरं अशा नावांनी एक अख्खी पिढी वाढली. घरचं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं असलं की काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं आधारकार्डावर, आणि बँकेच्या पासबुकात तिसरंच. पण आपल्याकडे ते रीतीनं होतं, तिथे ते हुकमानं झालं. फ्रँको १९७५ साली वारला आणि १९७७ च्या जानेवारीत कायदा बदलला. त्यानंतर बास्क आयांनी एनेको हे नाव पुन्हा दाखल्यावर लिहिलं.

आज ही दोन्ही नावं मुख्यतः बास्क भागात आणि शेजारच्या नवारात दिसतात. स्पेनच्या इतर भागांत अंतोनियो, होसे, मनुएल यांच्या गर्दीत ईन्यिगो विरळाच. फुटबॉल बघणाऱ्या पोरांना ईन्यिगो मार्तिनेस माहीत असेल, तोही बास्क भागातलाच. इंग्लंडमध्ये चारशे वर्षांपूर्वी इनिगो जोन्स नावाचा मोठा वास्तुरचनाकार होऊन गेला, त्याच्या बापाचंही नाव इनिगो.

या फुटबॉलवाल्या ईन्यिगोचं पूर्ण नाव ईन्यिगो मार्तिनेस बेरिदी. मार्तिनेस बापाकडून, बेरिदी आईकडून. स्पेनमध्ये प्रत्येकाला अशी दोन आडनावं असतात आणि लग्न झालं म्हणून बाई आपलं आडनाव बदलत नाही. पूर्वी बापाचं आधी लागायचं. २००० सालापासून दोघांच्या संमतीनं आईचं आधी लावता येऊ लागलं. जून २०१७ अखेरपासून तर बापाचंच आधी हे गृहीत धरणंही बंद झालं, कुठलं आधी ते आईबापांनी मिळून सांगायचं. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरला आहे. तेव्हा यंदा ज्यांच्या घरी पाळणा हललाय त्यांनी जन्मदाखला हातात आला की आधी तो क्रम तपासा आणि आपल्या नावाची वेलांटी-उकारासकट खात्री करून घ्या.