शेजाऱ्याची आग आणि पंधरा डॉलरची नळी

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. शाळेच्या पुस्तकात एवढी एकच ओळ असते. पण त्या ओळीआधीची सहा वर्षं भलतीच रंगतदार आहेत! ‘परक्यांच्या भानगडीत पडायचं नाही’ असा कायदा करून बसलेला देश एका रात्रीत रणांगणावर पोचला नाही. एकेक पाऊल टाकत, पावलोपावली घरातच कडाकडा भांडत आणि मतं मोजत तो तिथवर गेला. त्या वाटेवरचे हे नऊ मुक्काम.

१. युद्ध हवंय? आधी जनतेला विचारा!

पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे १ लाख १६ हजारांहून अधिक लोक कामी आले होते. ती जखम ओली होती. शस्त्रांच्या व्यापाऱ्यांनी नफ्यासाठी आपल्याला युद्धात ढकललं, असा संशय लोकांच्या मनात घर करून होता. सिनेटर जेराल्ड नाय यांची समिती त्याचीच चौकशी करत होती. १९३५ मध्ये तटस्थता कायदा आला: लढणाऱ्या देशांना शस्त्रं विकायची नाहीत. इंडियानाचे प्रतिनिधी लुई लडलो तर घटनादुरुस्तीच घेऊन आले. देशावर हल्ला झाला नसेल, तर युद्ध पुकारण्याआधी सार्वमत घ्या! १० जानेवारी १९३८ ला हा ठराव चर्चेला घ्यायचा की नाही, यावर प्रतिनिधीगृहात मतदान झालं. बाजूने १८८, विरोधात २०९. फक्त अकरा जणांनी बाजू बदलली असती, तरी निकाल उलटा लागला असता.

२. घोड्यांनी ओढलेलं बॉम्बर विमान

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि नोव्हेंबरमध्ये कायदा सैल झाला. शस्त्रं मिळतील, पण रोख पैसे मोजा आणि माल तुमचा तुम्ही वाहून न्या. मग अमेरिकी वैमानिकाने लढाऊ विमान कॅनडात उडवत न्यायचं तरी कसं? यावरचा तोडगा बघण्यासारखा होता. नॉर्थ डकोटातल्या पेम्बिनाजवळ विमान सरहद्दीच्या अलीकडे उतरायचं, इंजिन बंद व्हायचं आणि ते ओढून पलीकडे न्यायला घोडे जुंपले जायचे! मेन राज्यातल्या हौल्टनला हेच काम शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरने केलं. तिथे तर कॅनडाच्या बाजूचा रस्ता वाहतुकीला बंद करून त्याचीच धावपट्टी करत. कायदा पाळला आणि मित्रालाही मदत पोचली.

३. पन्नास जुन्या नौका, नव्याण्णव वर्षं

२ सप्टेंबर १९४० ला सौदा ठरला. अमेरिकेने ब्रिटनला पहिल्या महायुद्धाच्या घाटणीच्या ५० विनाशिका द्यायच्या आणि न्यूफाउंडलंडपासून त्रिनिदादपर्यंतचे लष्करी तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यायचे. म्हाताऱ्या झालेल्या या नौकांपैकी ‘बुकॅनन’चं नाव ब्रिटिशांनी ‘कॅम्पबेलटाउन’ ठेवलं. मार्च १९४२ मध्ये तिच्या पोटात स्फोटकं भरून ती फ्रान्समधल्या सॅं नाझेरच्या प्रचंड गोदीच्या दरवाजावर नेऊन आदळवली. काही तासांनी स्फोट झाला. ती गोदी युद्ध संपेपर्यंत जर्मनांच्या कामाला आली नाही.

४. डोळ्यांवर पट्टी, हातात १५८

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पोलंडमध्ये घुसला. त्याच दिवशी जनरल जॉर्ज मार्शल यांनी अमेरिकेच्या लष्करप्रमुखपदाची शपथ घेतली. हाताशी खडं सैन्य होतं दोन लाखांहूनही कमी. वर्षभराने शांतता काळातली पहिली सक्तीची लष्करभरती आली. २९ ऑक्टोबर १९४० ला वॉशिंग्टनमध्ये मोठ्या काचेच्या भांड्यातून चिठ्ठ्या काढल्या गेल्या. भांडं १९१७ च्या सोडतीतलंच. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती, आणि तिचं कापड स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या त्या सभागृहातल्या खुर्चीचं! पहिला आकडा निघाला १५८. तो आकडा वाट्याला आलेल्या, देशभरातल्या हजारो तरुणांचं आयुष्य त्या क्षणी पालटलं.

५. हिटलरच्या जबड्यावर ठोसा

सरकारने युद्ध पुकारण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी एका अमेरिकी वीराने हिटलरला ठोसा लगावलाही होता. डिसेंबर १९४० मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक बाजारात आला, तो थेट याच मुखपृष्ठासह. ज्यो सायमन आणि जॅक कर्बी हे त्याचे दोघेही निर्माते ज्यू. त्यांना धमक्यांची पत्रं आली, तेव्हा न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून धीर दिला. दुसऱ्या बाजूला, युद्धात पडू नका म्हणणारी ‘अमेरिका फर्स्ट’ समिती उभी होती. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या समितीचे सुमारे ८ लाख सभासद झाले. अटलांटिक एकट्याने पार करणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग तिचा बिनीचा वक्ता. सुरुवातीच्या समर्थकांत जेराल्ड फोर्ड होते, आणि तरुण जॉन केनेडींनी १०० डॉलरची देणगी पाठवली होती. पुढे दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले.

६. नळी परत द्या म्हणजे झालं

१९४० संपता संपता ब्रिटनची तिजोरी रिकामी होत आली. १७ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पत्रकारांना एक साधी गोष्ट सांगितली. शेजाऱ्याच्या घराला आग लागलीय आणि माझ्याकडे बागेला पाणी घालायची नळी आहे. ‘पंधरा डॉलर टाक, मग नळी देतो’ असं मी म्हणेन का? आग विझली की नळी परत मिळाली, तरी पुरे! ही उपमा लोकांना झटकन पटली. सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांना मात्र ती अजिबात पटली नाही. ते म्हणाले, युद्धसामग्री उसनी देणं म्हणजे च्युइंगम उसनं देणं, ते परत कुणाला हवंय? उसनवारीच्या या विधेयकाला क्रमांक दिला गेला १७७६, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं वर्ष. ११ मार्च १९४१ ला त्याचा कायदा झाला आणि युद्ध संपेपर्यंत त्याखाली सुमारे ५० अब्ज डॉलरची मदत गेली. युद्धकाळात भारतालाही याच योजनेतून सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी मिळाली. ते उसनं स्वातंत्र्यानंतर फेडलं गेलं.

७. एका मताने वाचलेलं सैन्य

भरती झालेल्या पोरांना सांगितलं होतं बारा महिने. मुदत वाढणार असं कळताच बराकींच्या भिंतींवर ‘ओ-एच-आय-ओ’ ही चार अक्षरं उमटू लागली. अर्थ एकच: ‘ओव्हर द हिल इन ऑक्टोबर’, म्हणजे ऑक्टोबर आला की आम्ही पळणार! १२ ऑगस्ट १९४१ ला प्रतिनिधीगृहात मुदतवाढीवर मतं पडली २०३ विरुद्ध २०२. सभापती सॅम रेबर्न यांनी तत्काळ निकाल पक्का करून टाकला. पर्ल हार्बर तेव्हा चार महिन्यांवरही नव्हतं.

८. मासे पकडायला गेलेले राष्ट्राध्यक्ष

त्याच ऑगस्टमध्ये रूझवेल्ट आपल्या ‘पोटोमॅक’ नौकेवरून मासेमारीला गेल्याची बातमी होती. प्रत्यक्षात ते गुपचूप युद्धनौकेवर चढले आणि न्यूफाउंडलंडच्या आखातात ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांना भेटले. तेवढा वेळ ‘पोटोमॅक’च्या डेकवर भलतेच लोक ऐटीत बसले होते, लांबून पाहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षच वाटावेत असे! या भेटीतून अटलांटिक सनद निघाली. तिच्या तिसऱ्या कलमात प्रत्येक जनतेला आपलं सरकार निवडण्याचा हक्क सांगितला होता. भारतात आशा जागी झाली. पण ९ सप्टेंबरला चर्चिल यांनी संसदेत स्पष्ट केलं, की हे कलम नाझींच्या टाचेखालच्या युरोपासाठी आहे. भारतीयांना हे फार लागलं, आणि का लागू नये? स्वातंत्र्याची भाषा एकदा उच्चारली की ती सगळ्यांची होते.

९. ३८८ विरुद्ध एक

३१ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन पाणबुडीने ‘रूबेन जेम्स’ ही अमेरिकी विनाशिका बुडवली. शंभरावर खलाशी गेले, तरीही युद्ध पुकारलं गेलं नाही. ते पुकारलं गेलं पर्ल हार्बरनंतर, ८ डिसेंबरला, जपानविरुद्ध. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध शून्य, प्रतिनिधीगृहात ३८८ विरुद्ध १.

तो ‘एक’ म्हणजे मोंटानाच्या जेनेट रँकिन, अमेरिकी संसदेत निवडून आलेली पहिली स्त्री. १९१७ मध्ये युद्धाविरुद्ध मत देणाऱ्या पन्नास प्रतिनिधींत त्या होत्या. या वेळी त्या एकट्या उरल्या. मतदानानंतर गर्दी इतकी अंगावर आली, की त्यांना टेलिफोनच्या खोक्यात शिरून दार लावून घ्यावं लागलं. पोलीस आले, तेव्हा बाहेर पडता आलं. गांधीजींच्या अहिंसेने भारलेल्या या बाई पुढे अनेकदा भारतात आल्या. १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो स्त्रियांचा मोर्चा घेऊन त्या वॉशिंग्टनच्या रस्त्यावर उतरल्या.

हिटलरला रोखायला शस्त्र उचलावंच लागलं, हे मला मनापासून मान्य आहे. पण १८८, २०२ आणि शेवटचा १ हे हरलेल्या बाजूचे आकडेही मला तितकेच मोलाचे वाटतात. तरुण पोरांना मरणाच्या दारात धाडायचं असेल, तर ‘नको’ म्हणणाऱ्याचं मतही मोजलं गेलं पाहिजे. अमेरिकेने ते मोजलं आणि नोंदवून ठेवलं. आज त्याच संसदभवनात जेनेट रँकिन यांचा पुतळा उभा आहे.