गडचिरोलीची चोख वही

आपल्या देवरीहून कोरचीकडे निघाले, की हद्द ओलांडताच गडचिरोली जिल्ह्याचे अरण्य लागते. या मुलखास आपण मागास म्हणतो. परंतु आरोग्य-संशोधनासाठी फोर्ड व मॅकआर्थर या अमेरिकी प्रतिष्ठानांचे अर्थसाहाय्य येथवर आले. कशाच्या बळावर?

बँकेत असताना मी कर्जदाराचे तारण नंतर, वही आधी पाहत असे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापिलेल्या ‘सर्च’ची वही चोख होती. तीत गावोगावचा जन्म आणि मृत्यू टिपलेला असे. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रिया घरोघरी जाऊन नवजात बालकांचे वजन, तापमान, श्वास पाहू लागल्या. जंतुसंसर्ग आढळल्यास इंजेक्शनही देऊ लागल्या. तुलनेसाठी ४७ गावे निराळी राखली होती. या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात-मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा हिशेब छापला, २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरची नवजात-सेवा देशभर सुरू झाली.

आपण दवाखान्याच्या खोलीसाठी आनंदाने देणगी देतो, कारण तेथे नामफलक लागतो. नोंदी ठेवणाऱ्या बाईच्या मानधनासाठी कोणी आले, तर मात्र ‘यात दिसणार काय?’ असे विचारतो. मीही एकदा विचारले होते.