‘आजीचं सगळं तीच करते’
नॉटिंगहॅमहून वार्तापत्र

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या सभागृहात वीस-बावीस मुलं जमतात. टेबल टेनिस खेळतात, टोस्ट खातात, कॅरमसारख्याच एका खेळावरून कडाकडा भांडतात. मी तिथे मदतीला जातो. पाहणाऱ्याला हा साधा मुलांचा क्लब वाटेल. पण या मुलांचे फोन कायम डोळ्यांसमोर असतात. घरी आई पडली, बाबांना दम लागला, तर पहिला फोन यांनाच येतो.

परवा एका अकरा वर्षांच्या मुलाने मला गोळ्यांची डबी भरून दाखवली. सात वारांचे सात कप्पे. गोळ्यांऐवजी त्याने रंगीत चॉकलेटं घेतली होती. ‘पांढरी सकाळी, खाल्ल्यावर. गुलाबी रात्री. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत.’ त्याची आई अंथरुणाला खिळलेली. त्याचे हात न बघताच चालत होते.

ते हात पाहिले आणि मला यवतमाळ जिल्ह्यातलं माझं राळेगाव आठवलं. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या आजीला लकवा झालेला. दिवाळीनंतर मायबाप कापूस वेचायला गेले की आजीजवळ हीच. औषधांच्या पट्ट्या कात्रीने कापून सकाळच्या गोळ्या एका वाटीत, रात्रीच्या दुसऱ्या वाटीत ठेवायची. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, लुगडं धुवायची. हजेरीत तिच्या नावापुढे ओळीने ‘गै.’ लागत. आणि सारी आळी म्हणायची, ‘मोठी गुणाची पोरगी आहे बाप्पा! आजीचं सगळं तीच करते.’ सातवीनंतर ती शाळेत आली नाही. चौकशीही कोणी केली नाही.

अशा मुलांना इथे इंग्लंडमध्ये ‘यंग केअरर’ म्हणतात. हा शब्द इथेही फार जुना नाही. जो ऑल्ड्रिज आणि सॉल बेकर या अभ्यासकांनी याच नॉटिंगहॅममधल्या मुलांशी बोलून १९९३ साली पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे या मुलांचं काम लोकांच्या नजरेत येऊ लागलं. पुढे २०१४ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २०१५ पासून लागू झाला. एखादं मूल घरच्या आजारी माणसाचं करतं आहे असं दिसलं, तर त्याने अर्ज करण्याची वाट न पाहता स्थानिक कौन्सिलने त्याची गरज तपासायची.

या तपासणीतले प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. हे काम या वयाच्या मुलाने करावं असं आहे का? ते करण्याची त्याची इच्छा आहे का? शाळेचं आणि खेळण्याचं काय होतं? मदत आजारी माणसाला पोचली, तर मुलाचा भार हलका होईल का? आईला सकाळी अंघोळ घालायला पगारी बाई आली, तर मुलगा पहिल्या तासाला वर्गात पोचतो. म्हणजे उपाय आईपाशी आणि लाभ मुलाला.

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये ५ ते १७ वयाची अशी सुमारे १ लाख २० हजार मुलं नोंदली गेली. शाळांच्या सरकारी पटनोंदणीत ‘अशी मुलं किती’ हा प्रश्न २०२३ मध्ये आला, तेव्हा निम्म्याहून अधिक शाळांनी ‘आमच्याकडे एकही नाही’ असं कळवलं. मुलंही लपवतात, आपल्याला घरापासून तोडतील ही भीती असते. शुश्रूषा करणाऱ्याला मिळणारा सरकारी भत्ताही सोळा वर्षांखालच्यांना नाही.

आपल्याकडेही काहीच नाही असं नाही. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आईवडील दुर्धर आजारी असलेल्या मुलांसाठीही आहे. २०२३ पासून त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात, बालकल्याण समितीच्या मंजुरीने. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला काळजीवाहकासाठी भत्ता देण्याची तरतूद आहे. पण मुलाच्या हातून होणाऱ्या कामाची नोंद यात कुठेच होत नाही. २०१७ मध्ये पिकांवर कीटकनाशक फवारताना आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. आपण मृतांची संख्या मोजली. जे वाचून घरी आले, त्यांना पाणी पाजायला, धरून उठवायला कोण बसलं, हे कोणी लिहून ठेवलं?

आजीची सेवा करणं वाईट नाही. त्या मुलीचा आजीवर जीव होता आणि आजीचा तिच्यावर. पण आपण तिचं कौतुक केलं आणि तेवढ्यावर थांबलो. गुणाची पोरगी म्हटलं की तिला काही हवं असेल, हेच कोणाच्या मनात येत नाही.

राळेगावच्या शिक्षकांना आणि आशाताईंना माझी हात जोडून विनंती आहे. वेचणीच्या दिवसांत एखाद्या नावापुढे ‘गै.’ वाढू लागले, तर घरी जाऊन एवढंच विचारा: ‘घरी कोण आजारी आहे? त्यांचं कोण करतं?’ उत्तर आलं की, आईवडील दुर्धर आजारी असतील तर बालसंगोपनचा अर्ज भरून द्या, आजारी माणसासाठी दुपारचे दोन तास शेजारची एखादी बाई बघा, बुडालेला धडा शिकवा. मी त्या मुलीच्या शेजारच्या रांगेत चार वर्षं बसलो. मी तिला कधी विचारलं नाही.