रिपोर्ट संशोधनासाठी दिले, तर तुमची ओळख गुप्त राहते का?

ऑपरेशनच्या किंवा केमोथेरपीच्या आधी बऱ्याच कागदांवर सह्या कराव्या लागतात. मोठ्या रुग्णालयांत त्यात एखादे संमतीपत्र संशोधनाचेही असते: तुमचे स्कॅन, रिपोर्ट आणि तपासणीनंतर उरलेले नमुने अभ्यासासाठी वापरू द्याल का? त्या गडबडीत वाचायला वेळ नसतो. मग घरी गेल्यावर काळजी सुरू होते. हा आजार नोकरीच्या ठिकाणी कळला तर? मुलीच्या लग्नाच्या वेळी कोणी विचारले तर? ही काळजी रास्त आहे.

नाव खोडले की काम झाले?

नाही. अमेरिकेतील संशोधक लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवले होते, की पिनकोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टी मिळून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांना वेगळे ओळखता येऊ शकते. आजार दुर्मीळ असेल आणि गाव लहान असेल, तर धोका आणखी वाढतो. जनुकीय माहितीचे तर वेगळेच आहे. ती तुमच्याबरोबर तुमच्या भावंडांबद्दल आणि मुलांबद्दलही काही सांगते.

मग माहिती द्यायचीच कशाला?

कारण दुर्मीळ आजाराचे रुग्ण एका रुग्णालयात मोजकेच असतात. तेवढ्यावरून औषध कोणाला लागू पडेल, गाठ कशी वाढेल, हे खात्रीने सांगता येत नाही. अनेक ठिकाणची माहिती एकत्र पाहावी लागते. माहिती वापरावी, पण ओळख उघड होऊ नये, यासाठी काही तंत्रे तयार झाली आहेत.

फेडरेटेड लर्निंग: यात स्कॅन रुग्णालयाबाहेर जात नाहीत. संगणकाचा प्रोग्रॅमच प्रत्येक रुग्णालयात येतो, तिथल्या स्कॅनवरून शिकतो आणि फक्त शिकलेले आकडे परत पाठवतो. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावर २०२२ मध्ये असा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा खंडांतील ७१ ठिकाणच्या ६,३१४ रुग्णांच्या स्कॅनवरून प्रोग्रॅम गाठीची सीमा आखायला शिकला. आधी फक्त सार्वजनिक स्कॅनवर तयार केलेल्या प्रोग्रॅमपेक्षा शस्त्रक्रियेने काढण्याजोग्या भागाची आखणी ३३ टक्क्यांनी सुधारली.

डिफरन्शियल प्रायव्हसी: एकत्रित आकडे जाहीर करताना त्यांत मोजूनमापून थोडी गडबड मिसळली जाते. एकूण चित्र जवळपास तेच राहते, पण त्यात तुमची माहिती आहे की नाही, हे बाहेरच्याला खात्रीने सांगता येत नाही.

कुलूपबंद गणित: माहिती सांकेतिक रूपातच ठेवून त्यावर हिशेब केला जातो. मूळ आकडे हिशेब करणाऱ्यालाही दिसत नाहीत.

यातले एकही तंत्र शंभर टक्के सुरक्षित नाही. प्रोग्रॅमने परत पाठवलेल्या आकड्यांवरूनही कधी कधी मूळ माहितीचा अंदाज बांधता येतो. म्हणून दोन-तीन तंत्रे एकत्र वापरतात आणि त्यांवर नियमांची देखरेखही लागते.

यात सरकारी पैसा का लागतो?

सुरक्षित पद्धत तयार करायला वर्षे जातात, पण त्यातून कोणा एका रुग्णालयाला लगेच कमाई होत नाही. म्हणून हा खर्च बहुतेक वेळा सरकारी निधीतून होतो. मेंदूच्या गाठींच्या वरील अभ्यासामागे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे अनुदान होते. ही तंत्रे प्रयोगशाळेतून प्रत्यक्ष वापरात यावीत, यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०२४ मध्ये स्वतंत्र निधी योजना जाहीर केली.

आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या खर्चाने ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकांचे वाचन झाले. ही माहिती फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात आहे. जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांसाठी खुली झाली, पण ती कोणालाही सरसकट मिळत नाही. अर्ज करून, अटी मान्य करूनच मिळते.

कायदा काय म्हणतो?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सूट आहे. मात्र ती माहिती वापरून एखाद्या ठरावीक व्यक्तीबद्दल निर्णय घेता येत नाही आणि ठरवून दिलेली मानकेही पाळावी लागतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार तुम्ही संशोधनातून कधीही बाहेर पडू शकता आणि त्यामुळे तुमच्या उपचारांत फरक पडता कामा नये.

सही करण्याआधी हे विचारा

- माझी माहिती रुग्णालयातच राहणार की बाहेर जाणार?
- नावाखेरीज आणखी काय काढून टाकणार? जन्मतारीख, पत्ता, फोटो?
- खासगी कंपनीला ती मिळणार का?
- याच अभ्यासासाठी वापरणार की पुढेही?
- नंतर नको वाटले, तर कोणाला कळवायचे? तोवर वापरलेल्या माहितीचे काय होईल?
- नीतिशास्त्र समितीची मंजुरी आहे का?

उत्तरे समजली नाहीत, तर ‘घरी वाचून उद्या देतो’ असे सांगायला संकोच करू नका. उपचाराची संमती आणि संशोधनाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला नकार दिला म्हणून पहिली अडत नाही. आणि समजून-उमजून होकार दिलात, तर तुमच्या स्कॅनचा उपयोग पुढे त्याच आजाराच्या एखाद्या रुग्णाला होऊ शकतो.