जात्याला घास मुठीनेच घालावा



आपल्या महागाव तालुक्यात कलावंतांना तोटा नाही. भजनी मंडळासाठी नवे पद जुळवणारा गडी गावोगाव सापडतो. बंजारा तांड्यांवरच्या बाया आरसे आणि कवड्या लावून सुरेख कशिदा काढतात. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आजी तर घरोघरी आहे. हल्ली आपली गाणी मोबाईलवर भरून लोकांना ऐकवणारी पोरेही निघाली आहेत.

पण यांच्याशी पारावर बोलत बसले की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एकजण म्हणतो, "महिनाभर रात्री जागून लिहिलं, आता वहीकडे बघू वाटत नाही." दुसरी म्हणते, "हाताला उसंतच नाही, कामं सरली की बघू." शेतकऱ्याच्या घरची कामे कधी सरतात काय? म्हणून पहिल्याची कला दमून थांबते आणि दुसरीची सुरूच होत नाही. दोघांचे दुखणे एकच आहे. कामाची चाल जमलेली नाही.

बहिणाबाईंचे उदाहरण

ही चाल ज्यांना साधली त्या बहिणाबाई चौधरी आपल्यासारख्याच शेतकरी घरातल्या. जळगावजवळच्या असोदे गावी 1880 साली त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या. ऐन तिशीत वैधव्य आले, पदरात मुले, अंगावर घर आणि शेत. लिहिता-वाचता येत नव्हते. तरी दळताना, कांडताना, शेतात राबताना त्या ओव्या रचत आणि गात. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी आणि नात्यातल्या एका भावाने ती गाणी उतरवून घेतली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी, 1952 साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

या बाईने गाण्यासाठी वेगळा वेळ मागितला नाही आणि गाण्यापायी शेतही पडू दिले नाही. हातातले काम हीच त्यांच्या गाण्याची जागा होती.

ज्यांनी जाते ओढले आहे त्यांना यातली खूण लगेच पटेल. जात्याच्या तोंडात फार दाणे ओतले तर पीठ जाडेभरडे पडते आणि ओढणाऱ्याचे हात भरून येतात. घास घातलाच नाही तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. मूठ मूठ घास घालत राहावे तेव्हा पीठ बारीक पडते. ओवीही तशीच, एका दमात मावेल एवढी. त्यामुळे ती रोज गाता आली आणि जन्मभर पुरली.

पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली. बायांचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. जाते परत आणा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु जात्याबरोबर पहाटेची ती ठरलेली वेळही गेली. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, म्हणून तेवढे धन हाती राहिले. जे कोणी टिपले नाही, ते त्या त्या बाईबरोबर गेले.

बियाण्याचे कामही कलेचेच

आपल्या विदर्भातलेच दुसरे उदाहरण दादाजी खोब्रागडे यांचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचा हा दीड एकराचा शेतकरी. 1983 साली धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपून ठेवल्या, पुढल्या हंगामात वेगळ्या लावल्या, त्यातून पुन्हा निवडल्या. असे वर्षामागून वर्ष चालले. त्यातून 'एचएमटी' हे तांदळाचे प्रसिद्ध वाण निघाले. मनगटी घड्याळावरून त्याला ते नाव पडले. 2018 साली दादाजी वारले. रात्री जागून धान काही लवकर निसवत नाही. एका हंगामात एकच पाऊल पडते, हे दादाजी जाणून होते.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, वेळ थोडा पण ठरलेला असावा. दिवेलागणीनंतर अर्धा तास बसा आणि वेळ झाली की उठा. सुचत असतानाच थांबले तर उद्या कुठून धरायचे ते ठाऊक असते.

दुसरी, वर्षाचा हिशेब हंगामाप्रमाणे मांडा. पेरणी, निंदण, डवरणीच्या दिवसांत आणि सोयाबीन काढणीत दोन ओळी गुणगुणल्या तरी पुष्कळ. कापसाची वेचणी आटोपून पऱ्हाटी निघाली की जास्त वेळ द्या. जमीन उन्हाळ्यात तापत पडते, तेव्हा ती वाया जाते असे आपण म्हणत नाही.

तिसरी, कशिद्याची किंवा गोधडीची मागणी घेताना तारीख मोकळी सांगा. लग्नसराईच्या घाईत चार नग अंगावर घेऊन मिणमिणत्या उजेडात सुई चालवली तर डोळेही शिणतात आणि टाकाही बिघडतो. सुईकाम दिवसाच्या उजेडातच करावे.

चौथी गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी आहे. बहिणाबाईंना वेगळी उसंत मिळाली नाही, म्हणून आपल्या घरच्या बाईलाही मिळू नये असे नाही. पाणी भरणे, गुरांचे चारापाणी, यांतले एक काम उचलले की तिचा अर्धा तास निघतो.

आणि पाचवी, टिपून ठेवा. आजीला चार ओव्या येत असतील तर शाळेत जाणाऱ्या नातवाने त्या वहीत उतरवाव्यात, नाहीतर मोबाईलमध्ये तिचा आवाज भरून घ्यावा. आठवड्याला एक ओवी टिपली तरी पुढच्या पोळ्यापर्यंत पन्नासेक होतील. आजी बसली आहे तोवर हे काम करून घ्या.