बेकन घरच्या घरी, पण जपून

नाताळात किंवा उपवासकाळ लागण्याच्या आधी ज्या घरी डुक्कर कापले जाते, त्या घरी मांसाचे वाटे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असतात. काही मांस व्हिंदाल्हूला, काळीज आणि त्यासोबतचे जिन्नस सोरपोतेलला, उरलेले बारीक कापून मीठ-मसाला-व्हिनेगरात मुरवून चोरिसाला. पोटाकडची जी चरबी आणि मांस यांच्या एकाआड एक थरांची पट्टी असते, तिला मात्र स्वतंत्र मान नाही. ती चोरिसात ढकलली जाते, नाहीतर तिची नुसती चरबी काढली जाते. शहरातील दुकानांत याच पट्टीचे पातळ काप बेकन या नावाने पाकिटातून विकले जातात आणि आपली मुले-मुली नोकरीच्या गावाहून सुट्टीला येताना ते महाग पाकीट कौतुकाने घेऊन येतात. घरच्या डुकराचे मांस असताना हे विकत कशाला आणायचे, असे काही माता-भगिनींनी विचारले, म्हणून हा लेख.

बेकन म्हणजे दुसरे-तिसरे काही नसून मिठात मुरवलेले मांस होय. पुष्कळदा त्याला धुरीही देतात. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात हॅरिस घराण्याचा हा मोठा व्यवसाय होता. पूर्वी हे काम तेथेही थंडीतच चाले, कारण मीठ आतपर्यंत पोचण्याआधी मांस नासू लागले तर सारेच फुकट. १९ व्या शतकाच्या मध्यास त्या घराण्याने बर्फघर बांधले आणि उन्हाळ्यातही मांस मुरवणे शक्य झाले. त्यांच्या उन्हाळ्याची ही कथा, तर आपल्या हवेबद्दल काय बोलावे? सबब पहिला नियम असा की, घरात नीट चालणारा फ्रिज असेल तरच बेकनच्या नादी लागावे. मडक्यात, फडताळात किंवा चुलीवर टांगून हे होणार नाही. चोरिसाला व्हिनेगर, भरपूर मीठ आणि ऊन यांचे संरक्षण असते. या साध्या बेकनला थंडीखेरीज दुसरे संरक्षण नाही.

एक किलो पट्टी घ्यावी. कातडी सुरीने अलग करावी, पण टाकू नये. ती चवळीच्या किंवा वालाच्या आमटीत फार छान लागते. मांस स्वच्छ कापडाने कोरडे पुसावे. २५ ग्रॅम मीठ, १० ग्रॅम गूळ अथवा साखर आणि चमचाभर कुटलेली मिरी एकत्र करून सर्व बाजूंनी चोळावे. मीठ अंदाजाने घेऊ नका. वाण्याकडचा छोटा काटा असला तर उत्तमच. स्टीलच्या किंवा काचेच्या झाकणाच्या डब्यात हे फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात पाच दिवस ठेवावे आणि रोज एकदा उलटावे. डब्यात पाणी सुटेल, ते सुटायलाच हवे. सहाव्या दिवशी मांस धुऊन, पुसून, एक रात्र फ्रिजमध्येच उघडे ठेवावे म्हणजे वरून सुकते. हे सुकणे महत्त्वाचे आहे, कारण ओले बेकन तव्यावर आधी उकडते आणि मग रबरासारखे होते.

दुकानातील बेकनचा गुलाबी रंग यात येणार नाही. तो रंग नायट्राइटचा असतो. बोट्युलिझम नावाची जी घातक विषबाधा आहे, तिच्या जंतूंना आवर घालण्यासाठी कारखानदार ते मोजून वापरतात. काही जुन्या घरांत चिमूटभर सोरा घालण्याची चाल होती. ती चाल चालू ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. चिमूट प्रत्येकाची वेगळी, आणि हे द्रव्य थोडे जरी जास्त झाले तरी रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. लहान मुलांना तर ते फारच बाधते. आपले बेकन करडे-तपकिरी राहू द्यावे, चार-पाच दिवसांत संपवावे, उरलेले बर्फाच्या कप्प्यात ठेवावे.

आता भाजणे. पट्टी अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवली की घट्ट होते आणि दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित जाड असे एकसारखे काप पडतात. पसरट बिडाचा तवा थंड असतानाच त्यावर काप एकमेकांवर न चढवता मांडावेत, दोन चमचे पाणी शिंपडावे आणि मगच खाली आच करावी, तीही मंद. चूल असेल तर लाकडे बाहेर ओढून निखाऱ्यावर करावे. तवा तापवून वर मांस टाकण्याची आपली सवय येथे चालत नाही. तापल्या तव्यावर मांसाचा भाग लगेच आखडतो व करपतो आणि चरबी मात्र कच्ची, लिबलिबीत राहते. थंडपासून सुरुवात केली तर पाणी आटेपर्यंत चरबी हळूहळू वितळून बाहेर येते, आणि मग काप आपल्याच चरबीत तळला जातो. दहा-पंधरा मिनिटे लागतात. दोन-तीनदा उलटावे. तडतड कमी होऊ लागली, तव्यातील फेस बारीक झाला आणि काप बदामी दिसू लागला की काढावा. अगदी कुरकुरीत होईपर्यंत तव्यावर ठेवू नये, कारण तो बाहेर काढून जाळीवर किंवा कागदावर निवताना अधिक कडक होतो. गूळ जास्त पडला असेल तर करपण्याची भीती जास्त. खारट वाटले तर पुढच्या खेपेस काप दहा मिनिटे पाण्यात ठेवून, पुसून भाजावेत.

तव्यात राहिलेली चरबी गाळून स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावी. तीवर उकडलेले बटाटे परतले तर मुलांना दुसरे काही लागत नाही. मात्र धूर येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा तापवू नये.

येथपर्यंत स्वयंपाक झाला. परंतु कुरकुरीतपणाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो चवीपेक्षा मोठा आहे. मीठ चोळले, धुरी दिली म्हणजे मांस शिजले असे समजू नका. पाच दिवसांच्या हलक्या मिठाने डुकराच्या मांसातील पट्टकृमीची अंडकोषासारखी पिले मरतील याचा भरवसा नाही. ती मरतात उष्णतेने. मांसाचा सबंध तुकडा आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस तापून तीन मिनिटे तसा राहिला पाहिजे, आणि चोरिसासारखे बारीक केलेले मांस ७१ अंशांपर्यंत गेले पाहिजे. घरात तापमापक नसतो. पातळ काप आरपार बदामी झाला की ती उष्णता केव्हाच ओलांडलेली असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. उणे १५ अंशांत तीन दिवस गोठवल्यानेही ही पिले मरतात, पण आपल्या गावच्या विजेवर किती विसंबायचे ते तुम्हीच ठरवा.

या कृमीचा फेरा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याविषयी सुशिक्षितांतही गैरसमज आहेत. कच्चे राहिलेले, पिले असलेले मांस खाल्ले तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. तो दोन-तीन मीटर, कधी त्याहूनही लांब होतो. त्याचे तुकडे आणि असंख्य अंडी शौचावाटे बाहेर पडतात. ती विष्ठा डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात पुन्हा पिले तयार होतात. हा झाला एक फेरा. दुसरा अधिक भयंकर आहे. तीच अंडी न धुतलेल्या हातांवरून, भाजीवरून, पाण्यातून माणसाच्याच पोटात गेली, तर पिले डुकराऐवजी माणसाच्या शरीरात घर करतात. त्यांपैकी काही मेंदूत जातात. मग आकडी येते. जेथे हा कृमी फार आहे अशा प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांनी जन्मात डुकराचे मांस चाखलेले नाही अशांनाही हा रोग होतो, कारण तो मांसातून नव्हे, अंड्यांतून होतो. म्हणजे आपल्या परसातील घाण शेजारच्या शाकाहारी कुटुंबातील मुलाच्या मेंदूपर्यंत पोचू शकते. ही गोष्ट मला फार लागते.

आकडी येणाऱ्या मुलाला घेऊन आईबाप आशीर्वादासाठी इगर्जीत येतात. कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो बाधा आहे. आशीर्वाद मी देतोच, पण त्याच दिवशी डॉक्टरकडे जा असे सांगतो. आकडी आली असता कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. मुलाला कुशीवर वळवावे, गळ्यापाशी कपडा सैल करावा, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक चालली तर तातडीने दवाखाना गाठावा. मेंदूचे चित्र काढले की गाठी दिसतात, आणि औषधाने पुष्कळजण बरे होतात. मात्र आकडी येणाऱ्याला जंताचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. मेंदूतील पिले मरताना सूज येते, म्हणून ते औषध डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

तेव्हा खरा उपाय तव्याच्या पुष्कळ अलीकडे, परसात आहे. गोव्यातील जुन्या घरांत शौचकूप आणि डुक्कर यांची सांगड होती हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात लाजण्यापेक्षा ती पुरती मोडली की नाही हे पाहावे. २०१४ पासून स्वच्छतेच्या मोहिमेत गावोगाव शौचालये बांधली गेली, पण काही ठिकाणी त्यांत सरपण आणि भाताचा कोंडा भरलेला मी पाहिला आहे! डुक्कर मोकाट सोडू नये. फरशी केलेल्या, कुंपणाच्या जागेत ठेवावे, कोंडा, पेंड, शिजवलेले खरकटे, भाजीचा पाला द्यावा. अशा डुकराच्या मांसाला वासही येत नाही, हे खाणारे सांगतील.

मध्ययुगात युरोपच्या शहरांत संत अंतोन मठाधिपती यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णसेवक संघाची डुकरे गळ्यात घंटा बांधून रस्त्यांतून मोकळी हिंडत आणि लोक त्यांना खाऊ घालीत. त्यांची चरबी संघाच्या रुग्णालयांत दाह झालेल्या कातडीवर लावीत. म्हणूनच त्या संताच्या पायाशी डुक्कर दाखवतात आणि १७ जानेवारीला त्यांचा सण येतो. (आपण मंगळवारी ज्यांची नोव्हेना करतो ते पादुआचे संत अंतोन निराळे.) परंतु घंटा बांधून डुक्कर सोडण्याची ती परंपरा आपण उचलण्याचे कारण नाही.

खरकट्याविषयी आणखी एक. डुकराच्या मांसाचे, बेकनचे किंवा चोरिसाचे उरलेले तुकडे आणि त्यांचे धुवण डुकरांना कधीही घालू नये. आफ्रिकन वराहज्वर २०२० साली आपल्या देशात ईशान्येकडील राज्यांत प्रथम आढळला. त्याचा विषाणू मिठात मुरवलेल्या मांसातही दीर्घकाळ तग धरतो. माणसाला त्यापासून अपाय नाही, पण कळप पार बसतो. डुक्कर चारा सोडून पडले, कातडीवर लाल-जांभळे डाग आले तर घाईने कापून वाटे करू नयेत, पशुवैद्याला कळवावे.

आणि खाण्याचे प्रमाण. वर सांगितलेल्या मापाने शंभर ग्रॅम बेकनमध्ये सुमारे अडीच ग्रॅम मीठ जाते, आणि सबंध दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्याच संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली बेकनसारखे मुरवलेले मांस कर्करोगास कारण ठरते असे जाहीर केले. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. रक्तदाब असलेल्यांनी एखाद्या कापावर थांबावे. इतरांनी सणासुदीला दोन-तीन काप, भाकरी आणि कच्च्या कांद्याबरोबर, आनंदाने खावेत.

मांस विकत घेत असाल तर खाटकाला दोन ठिकाणी खोल चीर द्यायला सांगा आणि उजेडात पाहा. मांसाच्या धाग्यांत भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे दिसले तर ते मांस कितीही स्वस्त असो, घेऊ नका. दाणे दिसले नाहीत तरी नीट भाजावेच, कारण थोडे असले तर डोळ्यांना सापडत नाहीत. घरच्या डुकरात असे दाणे निघाले तर मांस वाटू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये, चुना घालून खोल पुरावे. त्यानंतर घरातील सर्वांची, गड्यांसकट, शौचतपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. ज्याच्या पोटात कृमी आहे तो माणूस बहुधा त्याच आवारातला असतो आणि साध्या औषधाने बरा होतो.